अर्ध्या शनिवारचा खेळ

नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये टेंपल रोडवर हिस्लॉप कॉलेज आहे. रस्त्याला ज्याचं नाव आहे तो रिचर्ड टेंपल आणि कॉलेजला ज्याचं नाव आहे तो स्टीफन हिस्लॉप, हे दोघं 1863च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला बरोबर गेले होते. टेंपल मध्य प्रांताचा चीफ कमिशनर, तर हिस्लॉप फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा मिशनरी. धर्मप्रसाराला आलेला हा माणूस दगडधोंडे, जीवाश्म आणि गोंडांची गाणी गोळा करण्यात जास्त रमला, असं मला त्याच्याबद्दल वाचताना नेहमी वाटतं. त्या सहलीतून परतताना 4 सप्टेंबरला तो मागे राहिला, एकटाच घोड्यावर निघाला आणि अंधारात फुगलेल्या नाल्यात बुडून गेला. वय पंचेचाळीस.

त्याच वर्षी 26 ऑक्टोबरला लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही सुखवस्तू गृहस्थ जमले आणि त्यांनी फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तरीही नागपूरच्या फुटबॉलची गोष्ट सांगायची तर ती इथूनच सुरू करावीशी वाटते. हिस्लॉपच्या नावाचं कॉलेज 1883 मध्ये सुरू झालं. त्याच कॉलेजातल्या विजय बारसे नावाच्या क्रीडाशिक्षकानं 2001 मध्ये भर पावसात झोपडपट्टीतल्या पोरांना फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिलं आणि त्यातून पुढे ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. अमिताभ बच्चननं पडद्यावर साकारलेले ‘झुंड’मधले सर ते हेच. ही गोष्ट आता महाराष्ट्राला पाठ आहे. मला प्रश्न पडतो तो तिच्या आधीच्या सव्वाशे वर्षांचा. इंग्लंडात ज्या काळात, ज्या प्रकारच्या वस्त्यांतून फुटबॉल क्लब उगवले, त्या काळात तसल्याच वस्त्या नागपुरातही होत्या. गिरणी होती, रेल्वे होती, छावणी होती, मिशनही होतं. मग मजुरांचा क्लब तेव्हाच का उभा राहिला नाही?

*

आधी इंग्लंडात काय घडलं ते पाहू. तिथल्या क्लबांच्या जन्मकथांत पहिला मान बहुतेक वेळा चर्चला मिळतो. माझ्या मते तो गिरणीच्या भोंग्याला मिळायला हवा. 1850च्या फॅक्टरी कायद्यानं कापडगिरण्यांतल्या बायका आणि अल्पवयीन मुलं यांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवलं. त्यांच्याशिवाय गिरणी चालणं शक्य नव्हतं, त्यामुळे पुरुषही सुटले. हळूहळू इतर कारखान्यांनीही तीच वाट धरली. हातात पगार, समोर मोकळी दुपार आणि रविवारी खेळायला धर्माची बंदी. लाखो माणसांची अशी शनिवार दुपार एकदम मोकळी झाली. इंग्लंडात फुटबॉलचे सामने शनिवारी दुपारी तीनला सुरू होण्याची परंपरा आजही आहे, तिचं मूळ या अर्ध्या सुट्टीत आहे.

त्या मोकळ्या दुपारी माणसं दारूच्या गुत्त्यात जाऊ नयेत म्हणून चर्चवाले धडपडू लागले. टॉमस ह्यूजची ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ 1857 मध्ये आली आणि बळकट शरीर हे धर्माचं लक्षण मानण्याची एक लाटच आली. पाद्री हातात बायबल आणि काखेत चेंडू घेऊन गल्लीत उतरले. बर्मिंगहॅमच्या व्हिला क्रॉस वेस्लियन चॅपलच्या क्रिकेट खेळणाऱ्या तरुणांना हिवाळ्यात करायला काही नव्हतं, म्हणून 1874 मध्ये अॅस्टन व्हिला निघाला. लिव्हरपूलच्या सेंट डोमिंगो चॅपलच्या मुलांनी 1878 मध्ये संघ काढला, तो वर्षभरात एव्हर्टन झाला. फुलहॅम 1879 मध्ये रविवारच्या शाळेतून निघाला, साउदॅम्प्टन 1885 मध्ये सेंट मेरी चर्चमधून. जिथे चर्च नव्हतं तिथे कारखाना होता. न्यूटन हीथच्या रेल्वे डबे बांधणाऱ्या कामगारांचा 1878 चा संघ म्हणजे आजचा मँचेस्टर युनायटेड. वुलिचच्या तोफांच्या कारखान्यातल्या कामगारांनी 1886 मध्ये काढलेला संघ म्हणजे आर्सेनल. टेम्स नदीकाठच्या जहाजकारखान्याचा 1895 चा संघ म्हणजे वेस्ट हॅम.

यातल्या एका क्लबापाशी थोडं थांबायला हवं, कारण त्याची गोष्ट नागपूरच्या सर्वांत जवळची आहे. मँचेस्टरच्या पूर्वेला वेस्ट गॉर्टन ही धुरानं काळवंडलेली लोहकारखान्यांची वस्ती. बेकारी, दारू आणि पोरांच्या टोळ्यांच्या मारामाऱ्या. एका गल्लीची पोरं दुसऱ्या गल्लीवर पट्टे आणि दगड घेऊन तुटून पडत. तिथल्या सेंट मार्क्स चर्चचे रेक्टर आर्थर कॉनेल, त्यांची मुलगी अॅना. तिनं पुरुषांसाठी सभा सुरू केल्या. आधी क्रिकेट आलं, मग 1880च्या हिवाळ्यात फुटबॉल. 13 नोव्हेंबर 1880 ला मॅकल्सफील्डच्या एका बाप्टिस्ट चर्चच्या संघाशी पहिला नोंदलेला सामना झाला आणि सेंट मार्क्स 1-2 असा हरला. हा संघ पुढे गॉर्टन, 1887 मध्ये आर्डविक आणि 1894 मध्ये मँचेस्टर सिटी झाला.

अॅनाचा वाटा नेमका किती, यावर तिथल्या इतिहासकारांत वाद आहेत. काहींच्या मते संघ चालवला तो विल्यम बीस्टो आणि टॉमस गुडबिहिअर या चर्चच्या दोन कारभाऱ्यांनी. दोघेही ब्रूक्सच्या युनियन आयर्न वर्क्समधले. मला या वादाचा निकाल लावायचा नाही. पाद्र्याच्या मुलीची गोष्ट सांगायला सोपी असते, पण गडी जमवणं, वर्गणी काढणं आणि समोरच्या संघाला पत्र लिहून तारीख ठरवणं ही कामं कारखान्यातल्या माणसांनी केली, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

दुसरी गोष्ट ग्लासगोची. आयर्लंडातल्या दुष्काळानंतर देशोधडीला लागलेली कॅथलिक कुटुंबं शहराच्या पूर्व भागात येऊन राहिली होती. तिथला मारिस्ट शिक्षक ब्रदर वॉल्फ्रिड गरीब मुलांसाठी जेवणाची पंगत चालवत असे. तिच्या खर्चाला पैसे हवेत म्हणून 6 नोव्हेंबर 1887 ला सेंट मेरी चर्चच्या सभागृहात सेल्टिक क्लब स्थापन झाला. 28 मे 1888 ला पहिला सामना झाला आणि त्यात रेंजर्सला 5-2 असं हरवलं. मैदान वस्तीतल्या माणसांनी फुकट राबून तयार केलं. आणि दहाच वर्षांत, 1897 मध्ये, क्लब लिमिटेड कंपनी झाला. पोरांच्या ताटापेक्षा भागधारकांचा लाभांश मोठा ठरल्याची तक्रार तेव्हापासून ऐकू येते.

*

आता परत नागपूर. लँकेशायर आणि विदर्भ ही नावं एका वाक्यात आणायला कापूस पुरतो. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिथला कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंगणघाट-वऱ्हाडच्या कापसाकडे डोळे लावले. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. मग जमशेटजी टाटांनी उलटा हिशेब मांडला. कापूस इथे पिकतो, तर कापडही इथेच का विणू नये? जुम्मा तलावाजवळची पाणथळ जमीन भरून त्यांनी गिरणी उभारली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, 1 जानेवारी 1877 ला, ती सुरू झाली आणि म्हणून तिचं नाव एम्प्रेस मिल. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेतून आलेले. त्यांच्या नावाचं बेझनबाग आजही उत्तर नागपुरात इंदोऱ्याला लागून आहे.

तारखा शेजारी ठेवून पाहा. एम्प्रेस मिल सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षी न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी संघ काढला आणि चौथ्या हिवाळ्यात गॉर्टनचा पहिला सामना झाला. एम्प्रेस मिलचे मालकही निर्दय नव्हते. अपघाताची भरपाई, पेन्शन निधी अशा गोष्टी त्यांनी एकोणिसाव्या शतकातच सुरू केल्या, चांगल्या हजेरीला बक्षिसं दिली. बक्षिसं द्यावी लागली याचं कारण हजेरी वाईट होती. सणवार, लग्नकार्य, पेरणी-काढणी आली की मजूर सरळ गावी निघून जात. कायद्यानं सुट्टी नाही म्हटल्यावर माणसं ती आपल्या हातानं घेत होती.

कायद्याचं पाहायचं तर 1881 चा पहिला हिंदुस्थानी फॅक्टरी कायदा फक्त मुलांपुरता होता. मोठ्या माणसांना आठवड्याची एक सुट्टीही नव्हती. ती मागायला उभा राहिला तो मराठी माणूस, महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेत, अर्ज करत त्यांनी 10 जून 1890 ला मालकांकडून रविवारची सुट्टी कबूल करून घेतली. 1891च्या कायद्यानं आठवड्याची सुट्टी देशभर आली. पुरुषांच्या कामाच्या तासांना मर्यादा मात्र 1911 मध्ये पहिल्यांदा पडली, तीही कापडगिरण्यांत दिवसाला बारा तास. 1922 मध्ये आठवड्याचे साठ तास ठरले. म्हणजे लँकेशायरच्या मजुराला शनिवारी दुपारी दोनला मोकळं केलं गेलं त्यानंतर चाळीस वर्षांनी नागपूरच्या मजुराला हक्काचा एक अख्खा दिवस मिळाला. त्या एका दिवसात आंघोळ, कपडे, बाजार, देवदर्शन, उसनवारीचा हिशेब आणि झोप. त्यात अकरा माणसं दर आठवड्याला ठरल्या वेळी मैदानावर कुठून येणार?

मजूर खेळत नव्हते असं मात्र कुणी समजू नये. कुस्ती होती, आखाडे होते, कबड्डी होती. आखाड्याला तास नेमून लागत नाहीत, पहाटे कामाआधी अंग मोडून घेता येतं. फुटबॉलला बावीस माणसांचा एकच मोकळा वेळ लागतो. लाखो माणसांना एकाच वेळी मोकळीक देणारं शनिवारसारखं काही आपल्याकडे नव्हतं. फुटबॉल आपल्या मजुरापर्यंत उशिरा का पोहोचला याची सांस्कृतिक कारणं पुष्कळ सांगितली जातात. माझा भर घड्याळावर आहे.

घड्याळानंतरचं दुसरं कारण टाळता येत नाही, ते म्हणजे जात. चेंडू कातड्याचा. सेसिल टिंडेल-बिस्को नावाचा मिशनरी श्रीनगरच्या मिशन शाळेत आला आणि त्यानं तिथल्या ब्राह्मण मुलांपुढे फुटबॉल ठेवला, तेव्हा मुलं चेंडूला पाय लावायलाही तयार नव्हती. मेलेल्या जनावराचं कातडं, त्याला शिवायचं कसं? त्यानं धाकदपटशानं त्यांना खेळायला लावलं आणि पुढे ही गोष्ट मोठ्या अभिमानानं लिहूनही ठेवली. कलकत्त्याची एक गोष्ट याच्या उलट आहे. भारतीय फुटबॉलचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात त्या नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारीनं आपल्या वेलिंग्टन क्लबात एका कुंभाराच्या मुलाला घेतलं. इतर सभासदांनी नाकं मुरडली, तेव्हा त्यानं क्लबच मोडला आणि 1887 मध्ये शोभाबाजार क्लब काढला, असं तिथे सांगतात. मोहन बागान 1889 चा. 1911 मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला अनवाणी पायांनी हरवून त्यानं आयएफए शील्ड जिंकली, ती बातमी देशभर गाजली. पण शोभाबाजार काय किंवा मोहन बागान काय, दोन्ही क्लब बड्या घराण्यांच्या वाड्यांतून निघाले. भद्रलोकांना इंग्रजाशी बरोबरी सिद्ध करायची होती. गॉर्टनच्या लोहाराला असलं काही सिद्ध करायचं नव्हतं. त्याला फक्त खेळायचं होतं.

*

फुटबॉल नागपूरला आला तो कामठीच्या बाजूनं. कन्हानच्या काठी 1821 मध्ये वसलेली ही छावणी. छावणी आहे तिथे गोरी पलटण आणि पलटण आहे तिथे फुटबॉल, असा त्या काळचा शिरस्ता होता. 1888 मध्ये सिमल्यात सुरू झालेला ड्युरँड कप आणि 1891 मध्ये मुंबईत सुरू झालेला रोव्हर्स कप, दोन्ही सुरुवातीची अनेक वर्षं पलटणींचीच मिरास होती. रोव्हर्स कप हिंदी संघाच्या हाती पहिल्यांदा लागला तो 1937 मध्ये, बंगळूर मुस्लिम संघाच्या.

पलटणी गेल्या, चेंडू मागे राहिला. कामठी हे विणकरांचं आणि विडी कामगारांचं गाव. याच गावच्या बाबू हरदासांनी विडी कामगारांना संघटित केलं आणि ‘जय भीम’ हा अभिवादनाचा शब्दही याच गावातून निघाला. तिथे रब्बानी क्लब आहे, नागपुरात यंग मुस्लिम आहे, राहुल क्लब आहे. नागपूर जिल्ह्याच्या लीगमध्ये या नावांच्या सामन्याला लोक कामं टाकून येतात. ब्लॅकबर्न ऑलिंपिक या विणकर-मजुरांच्या संघानं 1883 मध्ये ओल्ड इटोनियन्स या श्रीमंतांच्या संघाला हरवून एफए कप जिंकला, तेव्हा इंग्लंडचं फुटबॉल कायमचं बदललं. कामठीच्या विणकरवस्तीतल्या क्लबाची जातकुळी तीच. फरक एवढाच की ब्लॅकबर्नवर आजपर्यंत डझनावारी पुस्तकं निघाली, आणि कामठीच्या फुटबॉलवर मराठीत पुस्तक लिहावं असं कुणा प्रकाशकाला अजून सुचलेलं दिसत नाही. दिवाळी अंकांनाही नाही.

रेल्वेची गोष्ट जरा गमतीची आहे. बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी 1887 मध्ये निघाली. तिचा संघ बीएनआर या तीन अक्षरांनी भारतीय फुटबॉलमध्ये गाजला. अरुण घोष, तुलसीदास बलराम यांच्यासारखे ऑलिंपिकपटू त्यात खेळले आणि 1964 मध्ये संघानं रोव्हर्स कप जिंकला. तोवर कंपनी जाऊन दक्षिण पूर्व रेल्वे आली होती, तरी संघानं जुनी अक्षरं सोडली नाहीत. नागपूरचं नाव असं देशभर पोहोचलं, पण संघ कलकत्त्याचा, मुख्यालय गार्डन रीचला आणि लीगही तिथलीच. नागपूरच्या वाट्याला नाव आलं आणि मोतीबागेचं रेल्वे मैदान आलं. त्या मैदानाचे उपकार शहराच्या फुटबॉलवर मोठे आहेत, हेही इथे नोंदवायला हवं.

मिलच्या वस्त्यांकडे लक्ष गेलं ते 1920च्या दशकात. एम्प्रेस मिलनं कामगार-कल्याणाचं काम वायएमसीएकडे सोपवलं. रात्रशाळा, दवाखाने, व्यायाम आणि खेळ, म्हणजे गॉर्टनच्या चर्चचाच कार्यक्रम चाळीस वर्षं उशिरा. इंदोऱ्याला कामगारांसाठी आदर्श वस्ती आखली गेली. पण 1920 नंतरचा नागपूरचा दलित मजूर कुणाच्या कल्याणकार्याची वाट पाहत बसलेला नव्हता. तो सभा भरवत होता, पत्रं काढत होता, बाबासाहेबांच्या मागे उभा राहत होता. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर जो जनसागर लोटला त्यात एम्प्रेस मिलच्या मजुरांची घरंच्या घरं होती. इंग्लंडच्या मजुरानं आपल्या वस्तीची अस्मिता फुटबॉल क्लबात ओतली. नागपूरच्या मजुरानं ती विहारात, समता सैनिक दलात आणि जयंतीच्या मिरवणुकीत ओतली. त्याच्या वस्तीला जोडणारं सूत्र आधीच सापडलं होतं, फुटबॉलवर तो भार टाकायची गरजच पडली नाही. मला हे फुटबॉल न रुजण्याचं सर्वांत प्रतिष्ठेचं कारण वाटतं.

*

मग मिल आजारी पडली. 1986 मध्ये ती सरकारी महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये कायमची बंद झाली. त्या जागेवर आज मॉल आहे. शनिवारी दुपारी तिथे गर्दी असते, हे ओघानं सांगून टाकतो.

विजय बारसे यांनी पोरांना बादलीशी खेळताना पाहिलं ते याच काळात, मिलची शेवटची धुगधुगी चालू असताना. एक काळ असा होता की मजुराला खेळायला वेळ नव्हता. आता त्याच्या नातवाकडे वेळच वेळ होता. शाळा सुटलेली, काम नाही, दिवसभर नाक्यावर. दारू, गांजा, जुगार, चोरीमारी. अर्ध्या शनिवारच्या ऐवजी आठवड्याचे सातही दिवस रिकामे. गॉर्टनला टोळ्यांच्या मारामाऱ्यांवर उतारा म्हणून खेळ आला होता, इथेही कारण तेच. पोरं खेळताहेत तोवर ती दुसरं काही वाईट करत नाहीत, हा बारसे सरांचा साधा हिशेब अॅना कॉनेललाही लगेच पटला असता.

सरांनी चेंडू दिला, सहकाऱ्यांना बरोबर घेतलं आणि क्रीडा विकास संस्थेच्या नावानं झोपडपट्टी फुटबॉल स्पर्धा भरवली. पहिल्याच स्पर्धेला 128 संघ आले. या आकड्यापाशी मी नेहमी अडखळतो. एवढे संघ एका शिक्षकाच्या बोलावण्यावर आले म्हणजे ते वस्त्यांमध्ये आधीपासून होते. कुणी नाव दिलं नव्हतं, कुणी मोजलं नव्हतं, एवढंच. बर्मिंगहॅमच्या चॅपलनंही क्रिकेट खेळणारी पोरं जन्माला घातली नव्हती, त्यांना फक्त एकत्र येण्याचं निमित्त दिलं होतं.

निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या सुमारे 18 लाखांतून सरांनी शहराबाहेर, नऊ-एक किलोमीटरवर बोखाऱ्याकडे जमीन घेतली. पुढचं बरंचसं सर्वांना माहीत आहे. अमेरिकेत असलेला मुलगा अभिजित परत आला आणि कामाला संस्थेचं रूप मिळालं. घर नसलेल्यांची जागतिक फुटबॉल स्पर्धा 2003 मध्ये ग्राट्झला सुरू झाली होती, तिच्यात भारताचे संघ जाऊ लागले. मैदान लहान, एका बाजूला चारच खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. ही स्पर्धा सुरू करणाऱ्यांतला मेल यंग स्कॉटलंडचाच, हिस्लॉपच्या मुलखातला. 2010 मध्ये रिओला गेलेल्या भारतीय संघाचा कर्णधार नागपूरच्या वस्तीत वाढलेला होता. 2014 मध्ये आमिर खानच्या ‘सत्यमेव जयते’तून ही गोष्ट घराघरांत पोहोचली. 2016 मध्ये स्लम सॉकरला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. 4 मार्च 2022 ला नागराज मंजुळ्यांचा ‘झुंड’ आला.

‘झुंड’मधल्या सामन्यांपेक्षा माझ्या डोक्यात घट्ट बसला आहे तो रिंकू राजगुरूचा भाग. आदिवासी मुलगी, परदेशी खेळायला जायचं म्हणून पासपोर्ट हवा, आणि आपण आपणच आहोत हे सिद्ध करणारा एकही कागद घरात नाही. बाप तिला घेऊन या दारातून त्या दारात फिरतो. गोंडांची गाणी आणि वंशकथा ऐकून हिस्लॉपनं टिपून ठेवल्या, त्याच्या मृत्यूनंतर टेंपलनं ते कागद 1866 मध्ये छापले. साहेबाच्या दप्तरात गोंडांच्या पिढ्यान्पिढ्या लिहिलेल्या आहेत आणि त्यांच्या लेकीला रहिवासी दाखला मिळत नाही. व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्लंडात मुलींना फुटबॉल दुसऱ्याच कारणानं नाकारला गेला. 1895 मध्ये बायकांचा एक संघ निघाला तेव्हा वर्तमानपत्रांनी टर उडवली. 1921 मध्ये असोसिएशननं त्यांना आपल्या मैदानांवरून हाकललं आणि पन्नास वर्षं बाहेर ठेवलं. नागपुरात मुलींसाठी नियमाची बंदी कधी नव्हती. घरचं पाणी भरणं, धाकट्या भावंडाला सांभाळणं आणि अंधार पडायच्या आत परतणं, एवढी तीन कामं बंदीसारखी पुरली. स्लम सॉकरच्या मैदानांवर आज मुली खेळतात. त्या आल्या त्या आधी घरच्यांची समजूत पटल्यावर, आणि ते काम प्रशिक्षणाच्या कुठल्याही तक्त्यात बसत नाही.

*

कौतुक झालं, आता खटकणारं एक. स्लम सॉकर ही संस्था आहे. तिच्याकडे प्रकल्प आहेत, देणगीदार आहेत, आरोग्य आणि गणित खेळातून शिकवायचे अभ्यासक्रम आहेत. हे सगळं हवंच. पण देणगीदाराला अहवाल लागतो, आणि अहवालात ‘किती मुलांचं आयुष्य बदललं’ असा रकाना असतो. क्लब वेगळा. क्लबाचा मालक तो, जो हरल्यावर घरी जेवत नाही. रब्बानी क्लब कुणाचं आयुष्य बदलायला निघालेला नाही. तो कामठीचा आहे, एवढंच त्याला पुरतं. व्हिक्टोरियन क्लबांची सुरुवात पहिल्या प्रकारानं झाली आणि ते पाच-दहा वर्षांत दुसऱ्या प्रकारात गेले. गॉर्टनच्या संघाच्या नावातून चर्च चौथ्या वर्षीच गळलं. कुणी भांडण केलं नाही. पोरं मोठी झाली, त्यांनी कारभार हातात घेतला आणि पाद्री प्रेक्षकांत जाऊन बसले.

त्यापुढचं वळण मात्र नक्कल करण्याजोगं नाही. वस्तीचा क्लब कंपनी झाला, कंपनी दारू गाळणाऱ्यांकडे आणि व्यापाऱ्यांकडे गेली, आणि 2008 मध्ये गॉर्टनचा तो संघ अबुधाबीच्या राजघराण्यातल्या शेखांनी विकत घेतला. आज त्या संघाच्या तिकिटाचा दर गॉर्टनच्या कामगाराला परवडतो का, हा प्रश्न मँचेस्टरमध्येच विचारला जातो. चर्चच्या हातातून सुटून बाजाराच्या हाती पडण्याच्या मधे एक टप्पा होता, पंचवीस-तीस वर्षांचा, जेव्हा क्लब खरोखर वस्तीचा होता. नागपूरच्या पोरांना तो टप्पा मिळावा असं मला वाटतं, आणि तो मिळायचा तर संस्थेनं काही वर्षांनी मागे सरकायला हवं. हे सांगणं सोपं आहे, कारण मला संस्थेचं वीजबिल भरायचं नाही.

तो टप्पा सुरू होण्याची चिन्हं आहेत. बोखाऱ्याची जमीन दूर आहे, इंदोऱ्याच्या पोराला रोज तिथे जाणं जमणारं नाही, म्हणून काम वस्त्यांमधल्या मैदानांवर चालतं. ते चालवतात ती बरीचशी इथेच खेळून मोठी झालेली मुलं, आणि काही मुली. विरोधी संघाशी तारीख ठरवणं, फाटलेला चेंडू शिवून आणणं, मैदानावर मांडव टाकायला आलेल्या मंडळाशी वाद घालणं, रुसलेल्या गोलकीपरच्या आईला भेटणं, हे सगळं त्यांच्याकडे. गॉर्टनला ही कामं बीस्टो आणि गुडबिहिअर करत असत, दिवसभर लोखंड ठोकून आल्यावर.